रविवारची बाटली

साखरेचा त्याग केल्याशिवाय माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र होत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आदिलाबादच्या आमच्या घराच्या ओसरीवर, भाऊजींच्या तोंडून. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. वाक्य संपल्यावर ते थोडे थांबले. कोणाला टिपून घ्यायचं असेल तर त्याला वेळ मिळावा, अशी त्यांची पद्धत होती. मग त्यांनी बशीतला चमचा उचलला आणि कप ढवळला, कारण अडीच चमचे साखर तळाशी बसली होती. त्यांना स्वतःला मधुमेह नव्हता. स्वतंत्र व्हायचं होतं ते आमच्या मायला.

माय भीमपूरकडची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं तिने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. बाबांना मराठी शाळेत मास्तरकी लागली तेव्हा पहिल्या महिन्यात त्यांनी घरात दोन वस्तू आणल्या, एक कंदील आणि एक पाटी. माय अक्षर शिकली ती पुढे आयुष्यभर कापूस वेचल्यासारखी वाचत राहिली. एकेक बोंड हाताळून, काडीकचरा बाजूला करून, मागे काही न ठेवता. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी विहारातलं वर्षावासाचं वाचन तिच्याकडे आलं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनच्या पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. वस्तीत मास्तर होते, कारकून होते, एक पदवीधर ग्रामसेवकही होता. पण त्यांना संध्याकाळी कामं असत, आणि वाचायला बसले की त्यांना अर्थ सांगायची हुक्की येई. माय वाचायची आणि पान संपलं की पुढचं पान उलटायची. अर्थ ज्याचा त्याने घरी न्यावा. लोकांना ते आवडलं. ओट्यावरची ती छोटी गादी मायची झाली.

एका पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की ती पान भलत्याच ठिकाणी उलटते आहे. वाक्य चालू आहे आणि हात पुढच्या पानाकडे निघाला आहे, किंवा पान उलटून झालं आहे आणि ती अजून मागचंच म्हणते आहे. घरी येताना मी विचारलं.

"माय, तुले दिसून नाई राह्यलं ना?"

"पाठ हाय मले अर्ध. उरलेलं दिसते."

"किती दिसते?"

"काऊन, तू मोजनी करनार का? तुया हापिसात तेच चालते म्हून?"

मी गुडीहत्नूरच्या मंडल ऑफिसात, म्हणजे छोट्या तहसिलीत, कनिष्ठ कारकून होतो. मंडल ऑफिसं तेव्हा नवी होती, पण आतली भाषा निजामाच्या वेळचीच राहिली होती. मी दिवसभर मिसली, म्हणजे फायली, बांधायचो आणि संध्याकाळच्या बसने परत यायचो. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दर हिवाळ्यात शहरात शिबिर भरे, तिथे शस्त्रक्रिया फुकट होई. फक्त रक्त तपासावं लागेल, असं ते म्हणाले. रक्त तपासलं आणि शुगर निघाली. डॉक्टर तेलुगू होते, आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सरळ हिशेब सांगितला: "शुगर कम करके लाओ, आँख ले जाओ."

म्हणजे हिवाळ्यापर्यंत साखर उतरली तर डोळा मिळणार होता, आणि डोळा मिळाला तर पुढच्या आषाढात गादी. एवढी साधी गोष्ट होती. ती साधी राहिली असती. पण रविवारी बहीण आणि भाऊजी आले.

भाऊजींनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, उलटी केली, आणि "अभ्यासासाठी" म्हणून खिशात घातली. तो अभ्यास पुढे कधी पूर्ण झाला नाही. "औषध हा शेवटचा उपाय असतो," ते म्हणाले. "आधी आहार. आईंची साखर माझ्यावर सोडा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्याकडे सासू जावयाशी तोंडासमोर बोलत नाही. बहिणीच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि या एकोणीस वर्षांत मायने भाऊजींना उद्देशून एक शब्द उच्चारला नव्हता. ते दारात दिसले की पदर कपाळापर्यंत यायचा. सांगायचं ते माझ्यामार्फत किंवा बहिणीमार्फत. आम्ही दोघंही नसलो तर भिंतीकडे बघून. आणि जावयाने हातावर ठेवलेली वस्तू परत करायची नाही, मग ती काहीही असो. आता अशा बाईची साखर अशा जावयाच्या ताब्यात गेली होती.

पुढच्या रविवारी भाऊजींनी खिशातून एक चपटी डबी काढली. आत मसुरीएवढ्या पांढऱ्या गोळ्या होत्या. हैदराबादहून मागवल्या होत्या. "एक गोळी म्हणजे एक चमचा," ते म्हणाले. "गोडी पूर्ण, साखर शून्य. विज्ञानाने माणसाला दिलेली ही देणगी आहे."

मायच्या कपात गोळी पडली, फसफसली आणि दिसेनाशी झाली. मायने घोट घेतला. भाऊजी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते.

"बाबू," ती मला म्हणाली, "जवाईबापूले इचार, हे लोखंडाची गोळी हाय का?"

"त्यांना म्हणावं, सवय होईल," भाऊजी मला म्हणाले.

"त्यायले म्हन, सवय तं मले दुसऱ्याच्या वावराचीबी झाली होती."

भाऊजी हसले नाहीत. देणगीवर हसायचं नसतं.

ती चव आमच्या पिढीला नवी नव्हती. बाजाराच्या दिवशी बर्फाच्या गोळ्यावर लाल पाणी ओतत, त्यात सॅकरीन असे. दोन पैशांचं गोड खायचं आणि मग अर्धा तास जिभेच्या मुळाशी गंज चाखत बसायचं. गोडी निघून जाई आणि गंज उरे. भाऊजींनी पुढे दुसऱ्या जातीच्या, महाग गोळ्या आणल्या. त्यांत गंज नव्हता, पण त्या उकळल्या की गोडीच नाहीशी व्हायची. माय चहा पातेल्यातच गोड करायची, कारण आमच्याकडे चहा तसाच होतो. चार गोळ्या घातल्या, सहा घातल्या. चहा पाण्यासारखाच राहिला. भाऊजींनी पाकिटावरची सूचना वाचली नव्हती. ती इंग्रजीत होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, सूचना वाचणं त्यांच्या पदाला शोभत नव्हतं.

गोळीत साखर नव्हती, हे मात्र खरं. तेवढंच तिचं कर्तृत्व. ताटातल्या भाताला ती काही करत नव्हती. उलट मायला वाटायला लागलं की चहाची एवढी शिक्षा भोगली आहे तर दुपारी भाताचा आणखी एक उंडा घ्यायला हरकत नाही. भाऊजींनाही तसंच वाटत होतं. "चहात वाचवलेली साखर," ते म्हणायचे, "शरीराच्या खाती जमा होते." शरीराने ते खातं कुठे उघडलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मग एका शनिवारी तपासणीची गोष्ट निघाली. भाऊजींनी शाळेतून काचेच्या दोन नळ्या, चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या द्रावणाची बाटली आणली. त्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून नळी तापवायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी आहे, पिवळा तर जास्त, आणि विटेसारखा लाल झाला तर संपलंच. त्यांनी खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली स्वच्छ धुऊन, लेबल खरवडून माझ्या हातात दिली. "उद्या सकाळचा पहिला नमुना. आईंना सांग."

ते बाहेर पडेपर्यंत माय चुलीत काड्या सारत होती. मग म्हणाली, "हे मी जवाईले देऊ?"

"तपासायचं हाय माय. डॉक्टरबी मागतेच ना."

"डॉक्टर माया कोनी लागते का? जवाई हाय थो. थ्या बाटलीकडे पाहीन, मंग मायाकडे पाहीन. मरून जाईन बाप्पा, पन देनार नाई."

"मंग नाई म्हून सांगू?"

"जवाईले नाई कसं म्हनशीन? एकोनीस साल झाले, कधी नाई म्हनलं का?" तिने बाटली माझ्याकडे सरकवली. "तू भर. तू पोरगा हाय, तुले काय लाज?"

"माय, साखर तुयी पाहाची हाय!"

"एकदाच पाह्यतो म्हने. भरून दे अन् मोकया हो."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, शिकलेला होतो, आणि ज्या ऑफिसात एकाच्या अंगठ्याच्या जागी दुसऱ्याचा अंगठा उमटलेला मी रोज पाहत होतो तिथे नोकरीला होतो. मी बाटली भरली. आजवर कोणत्याही कागदावर मी खोटी सही केलेली नाही. केली ती फक्त या बाटलीवर.

सकाळी भाऊजींनी ओसरीवर दिवा पेटवला. शेजारच्या दोन मास्तरांना मुद्दाम बोलावलं होतं. आठ थेंब मोजून टाकले. नळी चिमट्यात धरून, तोंड स्वतःपासून दूर ठेवून, शाळेतल्या मुलांना दाखवतात तसं दाखवत तापवली. द्रावण उकळलं. निळंच राहिलं. इतकं निळं, की भाऊजी क्षणभर गोंधळले. त्यांनी निदान हिरव्याची तयारी केली होती.

"निळा!" ते म्हणाले. आणि मग मोठ्याने, "निळा! पाहा! केवळ गोळ्यांच्या बळावर! औषधाशिवाय!"

दाराआडून मायने माझ्याकडे पाहिलं. मी अंगणाकडे पाहिलं. एका मास्तराने टाळी वाजवली.

"आता दर रविवारी," भाऊजी म्हणाले.

दर रविवारी म्हणजे दर रविवारी. भाऊजींनी एक वही घातली. तारीख, वेळ, रंग. रंगाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द. एका शनिवारी मला बाजारहत्नूरला लग्नाला जावं लागलं आणि बस चुकली. रविवारी दुपारी घाबरत घरी आलो तर वहीत नोंद झालेली होती: "निळा. अत्यंत स्वच्छ." मी मायला विचारलं. "रांजनातलं पानी देलं," ती म्हणाली. भाऊजींनी सांगितलं की आजवरचा हा सर्वोत्तम नमुना होता.

मग त्यांनी वर्तमानपत्रात कुठेतरी वाचलं की सॅकरीन खाऊ घातलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. ते किती सॅकरीन होतं, उंदीर किती होते आणि पुढे माणसांबद्दल काय ठरलं, हे त्या कात्रणात नव्हतं. भाऊजींना त्याची गरजही नव्हती. त्याच संध्याकाळी सगळ्या डब्या, गंजाच्या आणि बिनगंजाच्या, दोन्ही जातींच्या, त्यांनी आमच्या परसात खड्डा करून पुरल्या. कोणी मेल्यावर करतात तेवढ्या गांभीर्याने. "विज्ञानाची वाट चुकीची होती," विज्ञानाचे शिक्षक म्हणाले. "आता निसर्ग."

निसर्ग पहिल्यांदा मधाच्या बाटलीतून आला. बाजारात डोंगराकडचे लोक मध विकायला बसत. त्यांनी तो औषध म्हणून कधीच विकला नाही, ते मध मध म्हणूनच विकत. औषध तो भाऊजींच्या पिशवीत गेल्यावर झाला. मागोमाग गूळ आला, काळा, चिकट, पोत्यातला. भाऊजींचं म्हणणं असं की कारखान्यातली साखर शरीराला परकी वाटते, तर मध आणि गूळ हे शरीर ओळखतं. मला तेव्हाही वाटलं होतं की ओळखतं हीच तर अडचण आहे. शरीर त्यांना साखर म्हणूनच ओळखतं. पण मी बोललो नाही. दर रविवारी वहीत निळा रंग लिहिला जात होता आणि त्या रंगाचा पुरवठा मी करत होतो. तोंड उघडायला मला जागाच उरली नव्हती.

मायला मात्र गूळ मनापासून आवडायचा. लहानपणी वावरात दुपारच्या भाकरीसोबत कधीमधी गुळाचा खडा मिळायचा, तेवढीच तिची मिठाई. आता जावईच सांगत होता की गुळाचा चहा पी, भाकरीवर मध घे. तिला ते खरं वाटावं अशी तिची इच्छा होती, आणि नळी दर आठवड्याला ग्वाही देत होती.

"बाबू, जवाईबापूले सांग, चहा आता बरा लागते."

"त्यांना म्हणावं, निळा आहे तोवर एक खडा आणखी चालेल."

असा प्रत्येक निळ्या रविवारी एक खडा वाढत गेला. ही सबंध योजना किती शिस्तशीर होती, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. माझी लघवी जितकी स्वच्छ निघे, तितकी मायच्या रक्तात साखर चढे. मधल्या काळात भाऊजींनी कुठूनतरी एक गोड पानांचं रोपही आणलं. पान चावलं तर खरंच गोड लागायचं, आणि त्यात साखर नव्हती म्हणे. एवढ्या सगळ्या पसाऱ्यात कदाचित तीच एक निरुपद्रवी वस्तू असेल. ते रोप आम्ही घासलेटच्या डब्यात लावलं. चौथ्या दिवशी शेजारची बकरी ते मुळासकट खाऊन गेली. बकरीच्या प्रकृतीत काही फरक पडला नाही.

हिवाळ्यात शिबिर आलं. भाऊजी वही घेऊन सोबत आले. मायच्या बोटातून रक्त घेतलं, यंत्रात घातलं, आणि डॉक्टरांनी आकडा पाहिला. मग पुन्हा पाहिला. मग दुसऱ्या बोटातून रक्त घेतलं.

"दवा ले रही है क्या ये?"

"दवा की जरूरत नहीं पड़ी," भाऊजी म्हणाले आणि वही पुढे केली. "चार महीने का रेकॉर्ड है. हर इतवार. सब ब्लू."

डॉक्टरांनी पानं उलटली. मायकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं. "ये इसी का है?" त्यांनी विचारलं.

त्या खोलीत वीसेक माणसं रांगेत बसली होती. मायचा पदर कपाळावरून नाकापर्यंत आला. मी बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे या वीस माणसांसमोर भाऊजींना सांगायचं की चार महिने तुम्ही ज्याच्यापुढे दिवा लावत होता तो नमुना माझा होता. मी घसा साफ केला. भाऊजींना वाटलं मी त्यांना दुजोरा देतो आहे. "मशीन खराब होगा," ते म्हणाले. "सरकारी है."

डॉक्टरांनी शिबिराच्या कागदावर लाल पेनने काट मारली. माय डोळा न घेता परत आली. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर काय दिसत होतं तिला, कोण जाणे.

एवढं झाल्यावर तरी मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो नाही. बाटल्या चालू राहिल्या, गूळ चालू राहिला, आणि आषाढात वर्षावास सुरू झाला तेव्हा गादीवर भाऊजी बसले. दुसरं कोणी तयार नव्हतं, आणि ते तयार असतात. माय मागे बायकांत बसायची. ती तीन महिने ऐकत होती. भाऊजींचा आवाज चांगला होता, हे मी कबूल करतो. पण दर दोन पानांनी ग्रंथ मिटून मांडीवर ठेवायचा आणि आपण सुरू व्हायचं. तृष्णा म्हटलं की साखरेची तृष्णा, मुक्ती म्हटलं की कारखान्यापासून मुक्ती. एकदा त्यांनी मायकडे हात करून सांगितलं की आपल्यातच एक माता बसली आहे जिने निसर्गाच्या साहाय्याने मधुमेह जिंकला. बायकांनी वळून पाहिलं. मायने मान खाली घातली. तिला तहान लागली होती; आता ती दिवसातून बारा वेळा पाणी प्यायची आणि एका दमात विहाराच्या पायऱ्या चढू शकत नव्हती.

मग एका संध्याकाळी मधावर बोलता बोलता भाऊजींनी ग्रंथ पुन्हा उघडला तो मधलं एक पान गाळून. त्यांच्या लक्षात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. घरी येऊन जोडे काढताना माय म्हणाली, "पान गायलं त्यानं."

"कोनं? जवाईबापूनं?"

"आख्खं पान गायलं. दुःखाचं पान होतं थे. मले पाठ हाय."

मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. शिबिरातून परत पाठवलं तेव्हाही नव्हता.

रविवारी बहीण आणि भाऊजी आले. दिवा, नळी, निळा. मग नेहमीप्रमाणे त्यांनी पिशवीतून गुळाची ढेप काढली, नवी, कामारेड्डीकडची, आणि मायच्या हातावर ठेवायला पुढे केली. मायने हात पुढे केला नाही. तिने पदर मागे सारला, कपाळावरून थेट डोक्याच्या मध्यापर्यंत, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे, निदान जिथे चेहरा असावा त्या दिशेने, बघून म्हणाली:

"जवाईबापू, तुमी पान गायलं."

बहिणीच्या हातातलं ताट खाली आलं. भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मी निरोप पोहोचवीन म्हणून. पण निरोप पोहोचला होता.

"कोणतं पान?" ते म्हणाले.

"इहारात. परवाच्या दिवशी. मदाच्या नादात आख्खं पान गायलं. अन् हा गूय नको मले. मद नको. काईच नको."

"आई, नमुना निळा आहे! आत्ताच पाहिला ना सगळ्यांनी!"

"निया अशीन," माय म्हणाली. "पन मले दिसत नाई."

भाऊजींची शुद्ध भाषा तेव्हा पहिल्यांदा सुटली. "मी येवढं करून राह्यलो, अन् तुमी मले पान काढून दाखवता? कोनासाठी करून राह्यलो मी हे?" ढेप घेऊन ते निघाले. दिवा आणि नळ्या राहिल्या. त्या पुढे तीन महिने ओसरीच्या कोनाड्यात पडून होत्या, कारण तीन महिने ते आले नाहीत. बहीण एकटीच यायची आणि सांगायची की ते लिहून राहिले आहेत.

सोमवारी मी रजा टाकली आणि त्याच डॉक्टरांकडे गेलो. या वेळी सगळं सांगितलं. बाटली, रविवार, रांजणाचं पाणी. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मतलब साल भर से आपका टेस्ट चल रहा था?"

"जी."

"तो मुबारक हो, आप एकदम फिट हो." मग हसू पुसून त्यांनी जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. मला ते लागू होतं.

पुढचा इलाज इतका सामान्य होता की त्यावर कोणी व्याख्यान देऊ शकलं नसतं. पूर्वीच्याच गोळ्या, वेळेवर. भात अर्धा, ज्वारीची भाकर, भाजी जास्त. सकाळी स्टेशनच्या रस्त्याने चालणं, मी हात धरून. चहात काहीही नाही. गोळी नाही, पान नाही, मध नाही. पहिल्या दिवशी माय तो चहा प्यायली आणि तिने कप खाली ठेवला.

"कसा हाय?"

"काय कसा? चहा हाय."

दोन आठवड्यांत तिला त्याची सवय झाली. ज्या सवयीसाठी भाऊजींनी हैदराबाद आणि डोंगर पालथे घातले ती फुकट मिळत होती. माझ्या स्वतःच्या रक्तात पुढे साखर निघाली तेव्हा मीही तेच केलं. दुकानात आता बिनसाखरेची बिस्किटं मिळतात, बिनसाखरेची मिठाई मिळते, काळ्या गुळाचे देखणे डबे मिळतात, आणि प्रत्येकावर एक भाऊजी छापलेला असतो. मी ते वाचतो आणि परत ठेवतो.

हिवाळ्यात दुसरं शिबिर आलं. डॉक्टरांनी आकडा एकदाच पाहिला आणि मायला आत घेतलं. उजवा डोळा झाला. पट्टी निघाली, थेंब झाले, मग चष्मा आला. आषाढाला अजून अवकाश होता, आणि विहारातल्या लोकांनी गादी तिलाच द्यायची ठरवलं होतं. भाऊजींनी "लेखनाच्या व्यापामुळे" वाचनातून माघार घेतली होती. तोवर सराव म्हणून माय हाती येईल ते वाचायची. पंचांग, मिठाच्या पुडीचा कागद, माझ्या बसचं तिकीट.

वैशाखी पौर्णिमेला भाऊजींच्या पुस्तिकेचं विहारात प्रकाशन झालं. साखरेपासून स्वातंत्र्य हा विषय, मुखपृष्ठावर मधाचं पोळं आणि उगवता सूर्य. दोन भाषणं झाली, शाल झाली. बहिणीने एक प्रत घरी आणून दिली. अक्षर मोठं होतं, मायला ते सोयीचं पडलं. दुपारी ती ओसरीवर बसून वाचायला लागली, बोट प्रत्येक ओळीखाली, एकेक बोंड हाताळत, काही मागे न ठेवता. संध्याकाळ होत आली तेव्हा 'एका मातेचा विजय' नावाच्या प्रकरणावर तिचं बोट थांबलं.

"बाबू, हे पाह्य."

मी वाकून वाचलं. "सुमारे एक वर्ष दर रविवारी काटेकोरपणे तपासलेल्या या मातेच्या नमुन्यात साखरेचा अंशही आढळला नाही."

"काय म्हनते तू?" मी विचारलं.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि ती ओळ आणखी एकदा वाचली. मग पान उलटलं, बरोबर जिथे उलटायचं तिथे.

"काय म्हनू? खरं लिवलं हाय."

खरं होतं. त्या वर्षी मला मधुमेह नव्हता.